सावरगाववाले बाजूला

पांढुर्णा
११ ऑगस्ट १९८६

आदरणीय वामन भाऊजी यांस,
हिरामणचा सप्रेम जय भीम.

इकडे माय बरी आहे. तिचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतो आहे. पुष्पाताईने बसवाल्याजवळ दिलेली लोणच्याची बरणी न फुटता पोचली. मायने ती अजून उघडली नाही. सणाला उघडू म्हणते.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. मिलमध्ये सध्या एकच बोलणं सुरू आहे. आमच्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात नवीन मशीन येणार आणि आमच्यातले बरेच लोक कमी होणार. कोणी म्हणतं निम्मे, कोणी म्हणतं फक्त बदलीवाले. मी अजून बदलीवरच आहे, कायम झालेलो नाही. आठवी सोडून घरी बसलेल्या मला या मिलच्या दारात तुम्हीच नेऊन उभं केलंत, हे मी विसरलो नाही. तुम्ही सौसरला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात बसता. मॅनेजर साहेबांचे कागद तुमच्या टेबलावरून जातात. तेव्हा खरं काय ते तुम्हालाच ठाऊक असणार.

मला जेवण जात नाही. माझ्या जोडीला मशीनवर गजानन असतो, नदीपलीकडच्या सावरगावचा. मी मागून कापसाची गुंडाळी चढवतो आणि तो समोरून पिंजलेल्या कापसाच्या पेळूचे डबे उचलतो. तो मला हसतो. काल म्हणाला, "कायले घाबरून राहिला बे? मशीन आली तं तिले तेल द्याले माणूस लागनच. तू तेल देजो, मी तुले चहा आणून देत जाईन."

त्याला हसू येतं, मला येत नाही. त्याच्या घरी म्हातारी आई, बायको आणि दोन लहान मुली आहेत. हसतो कसा, कळत नाही.

खरं असेल ते लिहा. वाईट असलं तरी लिहा.

आपला,
हिरामण


सौसर
१७ ऑगस्ट १९८६

प्रिय हिरामण,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस म्हणून लिहितो, पण हे पत्र मिलमध्ये कोणाला दाखवू नकोस.

बातमी खरी आहे. लोक कमी होणार आहेत. आणि मला विचारशील तर व्हायलाच पाहिजेत. आपलं सूत बऱ्हाणपूरचे व्यापारी घेईनासे झाले आहेत. दक्षिणेकडच्या गिरण्यांचं सूत त्यांना स्वस्त पडतं, कारण तिथे एका मशीनवर एक माणूस असतो आणि आपल्याकडे दोन. आपलं गोदाम इतकं भरलं आहे की आत शिरायला वाट नाही. असंच चाललं तर एक दिवस मिलला कुलूप लागेल. मग तूही घरी, गजाननही घरी आणि मीही घरी. त्यापेक्षा काही लोक गेले आणि बाकीच्यांची चूल पेटत राहिली, तर त्यात अन्याय कोणता? आपल्या भागात संत्र्याच्या झाडाला सल रोग लागला की वाळलेली फांदी कापावी लागते. शेतकरी ती रागाने कापत नाही. झाड जगावं म्हणून कापतो.

तू काळजी करू नकोस. मी साहेबांशी बोललो आहे. पोळा झाला की तुझी कायम झाल्याची ऑर्डर निघेल. पुष्पाने ऐकलं तेव्हा तिने सगळ्या आळीला चहा पाजला. तुझ्या मायच्या म्हातारपणाची सोय झाली. फक्त एक कर, गप्प राहा. कोणाच्या मागे जाऊ नकोस. जे जाणार आहेत त्यांच्याशी तुम्हा पांढुर्ण्याच्या लोकांचं तसंही काही देणंघेणं नाही.

तुझा,
वामन


पांढुर्णा
२४ ऑगस्ट १९८६

आदरणीय भाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

ऑर्डरचं मायला सांगितलं. तिने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि बराच वेळ हात जोडून बसली. तुमचे उपकार आहेत. पुढे लिहितो त्याचा राग मानू नका.

तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बरोबर आहे. गोदाम मीही पाहिलं आहे, तुम्ही खोटं लिहीत नाही. मग फांदीची गोष्ट मनातून जाईना. तुमच्या मोहगावला देवीदास काकांच्या बगीच्यात मी दोन उन्हाळे काम केलं. सल शेंड्याकडून खाली येते, भाऊजी. म्हणून काका वरून कापत येत. साहेब मात्र बुडातून कापायला निघाले आहेत. शेंड्याला कोणी हात लावल्याचं अजून ऐकलं नाही.

रविवारी आम्ही कार्डिंगचे सगळे लोक जाम नदीच्या पुलाजवळ बसलो होतो. पांढुर्ण्याचे होते आणि सावरगावचेही होते. केशवराव, आमच्यात सगळ्यांत जुने, त्यांनी एक मार्ग सुचवला. मिलवर भार आहे ना, तर तो सगळ्यांनी उचलू. प्रत्येकाने पाळीपाळीने आठवड्यातून एक दिवस घरी बसायचं आणि त्या दिवसाची मजुरी सोडायची. सूत स्वस्त होईल आणि कोणाची चूल विझणार नाही. मला वाटलं भांडणं होतील. पण गजानन म्हणाला, "माह्या घरी तं बायको मनते आठवड्यातून एक दिवस घरी राहत जा, पोरी तुले वळखत नाही." सगळे हसले आणि सगळ्यांनी होकार दिला.

हा मार्ग तुम्ही साहेबांच्या कानावर घालाल का? आम्ही सांगितलं तर फाटकातूनच परत पाठवतील. तुमचं ते ऐकतील.

आणखी एक. जाणाऱ्यांशी आमचं देणंघेणं नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते जाणारे कोण? तुम्हाला ठाऊक असल्याशिवाय तुम्ही असं लिहिलं नसतं.

आपला,
हिरामण


सौसर
३० ऑगस्ट १९८६

हिरामण,

पुलाजवळ बसून कंपनी चालवता येत नाही. एक दिवस घरी बसायचा तुमचा मार्ग मी साहेबांना सांगितला नाही आणि सांगणारही नाही. ते हसले असते, आणि माझ्यावर हसले असते. मशीन एका माणसासाठी बनली आहे. तिथे दोन उभे केले तर दुसरा फक्त उभाच राहील. तू भावनेने बोलतोस आणि कंपनीला रोज बाजारात उभं राहायचं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. कार्डिंगमधले सावरगावचे लोक जाणार आहेत. कोणाला तरी जावंच लागणार होतं. एका बाजूचे गेले की गडबड कमी होते. साहेब बाहेरचे आहेत. त्यांनी मला विचारलं की गावात विरोध होईल का. मी जे खरं ते सांगितलं. लग्नाच्या वर्षी तुम्ही मला नवा जावई म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार बघायला बोलावलं होतं. नदीच्या दोन्ही काठांवरून, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, दगड सुटत होते आणि माणसं रक्ताने माखली होती. तू दगड मारत नव्हतास, जखमींना पेळू बांधत होतास. तरी एक गोटा येऊन तुझं कपाळ फुटलं. तो गोटा गजाननने फेकला होता, हे तूच मला सांगितलंस. मी असं वैर जन्मात पाहिलं नव्हतं. त्या माणसासाठी तू मला पत्रावर पत्र लिहितोस?

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जा. फाटकावर काही बोलणं झालं तर ऐकू नकोस, सरळ आत जा. एवढं माझं ऐक. माझ्यासाठी नाही, पुष्पासाठी.

वामन


पांढुर्णा
९ सप्टेंबर १९८६

आदरणीय भाऊजी यांस,
जय भीम.

मी आत गेलो नाही. ही गोष्ट तुमच्या कानावर आली असेल, पण ती माझ्याकडूनही तुम्हाला कळावी म्हणून लिहितो.

तुमचं पत्र आल्यापासून मी कोणाशी बोललो नाही. गजाननशीही नाही. तुम्ही कोणाला दाखवू नकोस म्हणालात आणि माझ्यासमोर पुष्पाताई होती. गोटमारीच्या दिवशी नेहमीप्रमाणे पिशवीत पेळू आणि हळद घेऊन काठावर बसलो. पट्टीची गाठ नीट बसत नव्हती. केशवरावांच्या डोक्याला खोक पडली, ती बांधताना ते म्हणाले, "पोरा, जखम मले हाये का तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर गेलो. अर्ध्या मिलच्या डोक्याला पट्ट्या होत्या. गजाननचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. साहेबांची जीप आत उभी होती आणि साहेब तिला टेकून उभे होते. फाटकावरचे नत्थूजी जमिनीकडे बघत म्हणाले, "सावरगाववाले बाजूला उभे राहा. बाकीच्यायनं आत चला."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग कळलं. सावरगावचे लोक एकेक करून भिंतीकडे सरकले. आमचे लोक तिथेच थबकले. मी पुढे होतो. माझा एक पाय फाटकाच्या आत होता. तुमचं पत्र खिशात होतं.

गजाननने मला पाहिलं. रागावला नाही. म्हणाला, "जाय हिरामण, जाय आत. मायले बरं वाटन."

भाऊजी, मी घाबरट माणूस आहे. फाटकावरची शिट्टी वाजली तरी माझी छाती धडधडते. पण त्या वेळी मी घाईने काही केलं नाही. नीट विचार करून पाय मागे घेतला आणि गजाननच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मग केशवराव आले. मग कोण कोण आले, मी मान वर करून पाहिलं नाही. मान वर केली तेव्हा फाटकात नत्थूजी एकटे उरले होते.

साहेब पुढे आले. म्हणाले, "तुम लोग तो पांढुर्णा के हो। कल इन्हीं लोगों ने तुम्हारे सिर फोड़े हैं।"

केशवरावांनी आपल्या पट्टीला हात लावला. "हां साहब, इन्हीं ने फोड़ा। और रात को इन्हीं के घर खाना खाया। ये हमारा घर का मामला है, आप बीच में मत पड़ो।"

तेवढ्यात नत्थूजींनी टोपी काढली आणि साहेबांना विचारलं, "साहब, मेरी ससुराल सावरगाव की है। मैं आधा अंदर रहूं क्या?"

इतके लोक एकदम हसले की साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. तेव्हापासून मिल बंद आहे. आम्ही रोज वेळेवर येतो आणि फाटकासमोर बसतो. एक दिवस घरी बसायचा मार्ग आता केशवरावांनी साहेबांना समोरासमोर सांगितला आहे. उत्तर आलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. "कल इन्हीं लोगों ने तुम्हारे सिर फोड़े" हे साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते तुमचेच शब्द वाटले. साहेबांना गोटमारीचं काय माहीत? तुम्ही साहेबांना आमचं वैर विकलंत. आणि ते वैर नव्हतंच. लग्नाच्या वर्षी तुम्ही दगड पाहिलेत, रक्त पाहिलंत आणि चारच्या बसने निघून गेलात. संध्याकाळ तुम्ही पाहिली नाहीत.

त्या संध्याकाळी नदीत रोवलेल्या झाडावरचा झेंडा निघाला, दगड थांबले आणि लोक नदी ओलांडून एकमेकांच्या घरी गेले. गजानन त्याच्या आईला घेऊन आमच्याकडे आला. आमची ओळखही नव्हती. दारात उभा राहून मायला म्हणाला, "माय, तुह्या पोराचं कपाळ मीनं फोडलं. तो तं पट्टी बांधून राहिला होता, मले दिसला नाही." त्याची आई आमच्या ओसरीवर बसली. आमच्या वस्तीत ती त्याआधी कधी आली नव्हती. तिने आपल्या हाताने माझ्या कपाळाला हळद लावली आणि आमच्या माठातलं पाणी प्यायली. माय अजून ते सांगते. त्यानंतर मिलमध्ये जोडी निवडायची वेळ आली तेव्हा मी त्याला निवडलं आणि त्याने मला.

माझं कपाळ फुटलं म्हणून मला तो माणूस मिळाला. त्याला बाजूला उभं करून मला कायम व्हायचं नाही.

ताईला सांगा, माझ्यावर रागावली तरी चालेल.

हिरामण


सौसर
१९ सप्टेंबर १९८६

हिरामण,

इथे ऑफिसात कामाचा ढीग आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू मला जे लिहिलंस ते लहान तोंडी मोठा घास म्हणून सोडून देतो. मी काही विकलं नाही. मला जे विचारलं गेलं त्याचं उत्तर दिलं. नोकरी करणाऱ्याला ते द्यावंच लागतं. तुझी ऑर्डर साहेबांनी माझ्यासमोर फाडली. चार वर्षं मी ज्यासाठी शब्द टाकला ते तू एका पावलात घालवलंस. आता त्या पावलाचं मायला काय करून घालणार आहेस?

आणि जिंकलात असं समजू नका. तुम्ही फाटकासमोर बसलात म्हणून बऱ्हाणपूरचे व्यापारी महागडं सूत घेणार नाहीत. तुम्हाला एकमेकांचा लळा आहे, हे मान्य. लळ्याने सूत विकलं जात नाही. कंपनी टिकली नाही तर तुमची ती संध्याकाळ कोणाच्या घरी होईल?

संध्याकाळ मी पाहिली नाही, हे खरं. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

वामन


सौसर
२३ सप्टेंबर १९८६

चि. हिरामणला ताईचा आशीर्वाद,

मी चौथीच शिकली, चुकलं तर समजून घेजो.

तुझे भाऊजी तुला ऑफिसच्या कामाचं लिहितात. त्यांना काम राहिलं नाही रे. त्यांच्या शर्टाच्या बाहीला रोज शिक्क्याची जांभळी शाई लागायची. धुता धुता माझे हात दुखायचे. पंधरवडा झाला, बाही कोरी आहे. मी विचारलं नाही. काल बाजूची वत्सला म्हणाली की तुमचे हे दिवसभर मोहगावच्या रस्त्यावर देवीदास काकांच्या बगीच्यात बसलेले असतात. मग रात्री मी ताट वाढलं आणि विचारलं. तेव्हा सांगितलं. साहेबांनी ऑफिसातले पाच जण कमी केले. म्हणे पांढुर्ण्याचं प्रकरण नीट हाताळता आलं नाही, आणि तसंही ऑफिसात लोक जास्त आहेत. कंपनीला बाजारात उभं राहायचं आहे म्हणे.

त्यांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगता सांगता थांबले. मग जेवले नाही.

तुझ्यावर मी रागावली होती. चहा पाजलेल्या बायांना तोंड दाखवायची लाज वाटली. आता नाही वाटत. तू त्या दिवशी आत गेला असता तरी आमचं हेच झालं असतं, आणि मग आम्हाला कोणाकडे बघायलाही जागा राहिली नसती.

हे मी सांगितलं म्हणून त्यांना सांग. घरात लपवून काय होते. मायला एवढ्यात सांगू नको.

तुझी ताई,
पुष्पा


पांढुर्णा
३० सप्टेंबर १९८६

आदरणीय भाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

ताईचं पत्र मिळालं. तिने सांगितलं म्हणून सांगतो आहे, तिला काही बोलू नका.

आधी इकडचं सांगतो. शनिवारी मिल उघडली. मोठ्या मालकांनी माणूस पाठवला होता. आठवड्यातून एक दिवस घरी बसायचं, पांढुर्ण्याच्यांनीही आणि सावरगावच्यांनीही, आणि कोणाला काढायचं नाही, असं दिवाळीपर्यंत ठरलं आहे. दिवाळीनंतर पुन्हा बोलू म्हणाले. नवीन मशीन येणारच आहे. तुम्ही म्हणता तसे व्यापारी आमच्यासाठी थांबलेले नाहीत, हे आम्हालाही कळतं. ते आले तर त्यांच्याशी बोलू. मी बदलीवरच आहे आणि बदलीवरच राहणार. मायला ऑर्डर फाडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "लावलेली मेणबत्ती कुठं वाया जाते का?" आणि भाकरी थापायला लागली.

माझा घरी बसायचा दिवस मंगळवार आला आहे. गजाननचाही मंगळवारच. त्याने मुद्दाम मागून घेतला.

आता तुमचं. तुम्हाला काढलं हे वाचून मला आनंद झाला नाही. क्षणभर मनात आलं की तुमचं पहिलं पत्र तुम्हालाच परत पाठवावं, फांदीचं. ते मी पाठवणार नाही. पण एक विचारतो. तुम्ही गेलात म्हणून सूत किती स्वस्त झालं? तुमच्यासोबत जे चौघे गेले, त्यांना साहेबांनी हेच सांगितलं असणार, आणि प्रत्येकाने आपल्या घरी खाली मान घालून तेच सांगितलं असणार. तुम्ही पाच जण एकमेकांना भेटलात का? की पाचही जण वेगवेगळ्या बगीच्यांत बसता?

मी हे प्रकरण केशवरावांना सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल काय बोलायचं ते बोला. साहेबांना कोणी काय शिकवलं, हे आता सगळ्या कार्डिंगला माहीत आहे.  एक-दोघे उठून गेले. मग केशवराव म्हणाले, "बोलाव तुह्या भाऊजीले. त्याच्या चौघांयले बी आणजो मन. पयले शिव्या खातीन, मंग जेवतीन. साहेबाचे कागद कसे चालते हे आपल्यातल्या कोणाले माहीत हाये? त्याले माहीत हाये."

 मी घरी निघालो तेव्हा गजानन मागून आला. म्हणाला, "जावई कोठी उतरन, तुह्या घरी का माह्या? माह्या घरी उतरू दे. मायले सांगून ठेवतो."

मला माहीत आहे, तुम्हाला यायची लाज वाटेल. वाटू द्या. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका, ते अजून मला जमलेलं नाही. पण तुम्हाला बाजूला उभं केलं आहे, आणि बाजूला उभं केलेल्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं, हे आम्ही त्या सकाळी फाटकावर ठरवलं. त्यात तुम्हाला वगळायचं असं ठरलं नव्हतं.

येत्या रविवारी दुपारी जाम नदीच्या पुलाजवळ आम्ही सगळे बसणार आहोत. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंत. ते खरं आहे, चूक आमची होती. म्हणून आता लिहून म्हणतो.

चारची बस जाऊ द्या. थांबा.

आपला,
हिरामण